वाळूतल्या दोन मासोळ्या

ज्योतीराम गपाटला कॉलनीत सगळे मासेवाला ज्योतीराम म्हणत, आणि गंमत अशी की या माणसाने जन्मात कधी मासा तोंडात घातला नव्हता. तो परंड्याकडचा. गावात पाणी म्हणजे एक आड आणि पावसाळ्यात चार दिवस वाहणारा ओढा. घर माळकऱ्यांचं. मासा त्याने पाहिला होता तो बार्शीच्या बाजारात, तोही लांबून, नाकाला धोतराचा सोगा लावून. असा माणूस पुढे पिंपरीला येऊन माशांच्या तोंडाची ठेवण समजावून सांगायला लागला, तर लोक नाव ठेवणारच. आपल्याकडे नाव ठेवायला कुणाला पगार द्यावा लागत नाही.

पंचावन्न साली पिंपरीच्या माळावर पेनिसिलीनचा कारखाना नव्याने चालू झाला, तेव्हा तो तिथे लागला. काम कुप्या तपासायचं. दिव्यासमोर एकेक काचेची कुपी धरायची, तडा आहे का, बुडबुडा आहे का, काळा ठिपका आहे का ते बघायचं, आणि जरा शंका आली की बाजूच्या डब्यात टाकायची. आठ तास हेच. चांगले धडधाकट गडी महिनाभरात कंटाळून दुसरं काम मागत. ज्योतीरामला मात्र ते मानवलं. त्याला बघत बसायला आवडायचं, आणि घरी बघावं असं काही उरलं नव्हतं.

त्याची बायको रुक्मिणी आदल्याच वर्षी गावी बाळंतपणात गेली होती. पोटातलं मूलही गेलं. मागे राहिली सात वर्षांची इंद्रायणी. तिला घेऊन तो दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आला. पोरगी रडायची नाही, हट्ट करायची नाही. विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसायची. शेजारच्या अंबुबाई म्हणत, पोर फार शहाणी आहे. ज्योतीरामला त्या शहाणपणाची भीती वाटायची.

रुक्मिणीचा एकुलता एक फोटो चौकटीत बसवायला तो इंद्रायणीला घेऊन निर्वासितांच्या कॅम्पात गेला. तिथे टोपणदास नावाचा सिंधी म्हातारा काच कापायचं आणि देवांच्या तसबिरी मढवायचं दुकान चालवायचा. कराचीत त्याचं घर होतं, अंगण होतं आणि अंगणात माशांचा हौद होता. इथे त्यातलं काही नव्हतं, म्हणून दुकानातच त्याने काचेची पेटी करून त्यात चार मासे सोडले होते. इंद्रायणी त्या पेटीसमोर उभी राहिली ती हलेना. फोटो मढवून झाला, पैसे देऊन झाले, तरी ती तिथेच. मग वर्षभरात पहिल्यांदा ती बापाशी आपणहून काही बोलली.

"दादा, ह्यांना झोप कधी लागते?"

ज्योतीरामला तेवढं पुरलं. त्याच दिवशी त्याने टोपणदासला पेटी करायला सांगितली. लोखंडी पट्टीची चौकट, चार बाजूंना काच, दोन फूट लांब आणि फूटभर उंच.

आता पेटी आली की मासे आणायचे, एवढंच त्याला ठाऊक. पवनेच्या काठाला उथळ पाण्यात त्याला शेंदरी रंगाच्या इवल्या पिल्लांचा पुंजका दिसला. उपरण्यात धरून त्याने पंधरा-वीस पिल्लं आणली आणि टोपणदासने दिलेल्या गप्पी माशांच्या सोबतीला सोडली. पेटी अशी सुंदर दिसायला लागली की कॉलनीतल्या बायका बघायला आल्या. पण दीड महिन्यात शेंदरी रंग उडाला, पिल्लं मातकट झाली, तोंडं रुंदावली आणि गप्पी एकेक करून नाहीसे व्हायला लागले. ज्योतीरामने अंबुबाईंच्या मांजरावर आळ घेतला. मांजराला दोनदा पाणीही मारलं. शेवटी टोपणदासला बोलावून दाखवलं, तर म्हातारा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मरळ होती ती. नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. लहानपणी शेंदरी आणि मोठेपणी दिसेल ते गिळणारी.

"रंग मत देख, ज्योतीराम," टोपणदास म्हणाला. "मुँह देख."

मग दर रविवारी म्हाताऱ्याने त्याला शिकवलं. ज्या माशाचं तोंड वर वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात राहतो आणि तिथलंच खातो. ज्याचं तोंड समोर, तो मधल्या पाण्यातला. ज्याचं तोंड खाली, तो तळाचा. तिन्ही थरांत थोडे थोडे ठेवले की कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. एकाच्या तोंडात दुसरा मावत असेल तर ती सोबत नव्हे, शिदोरी. थव्याने राहणारी जात एकटी ठेवली तर भेदरून मरते, तिला निदान सहा हव्यात. लांब शेपटाच्या संथ माशांजवळ चावरी जात नको. आणि एवढ्याशा पेटीत बोटभर लांबीचे नऊ-दहा, बस. खाणं चिमटीत मावेल तेवढंच, दिवसातून एकदा. उरलेलं कुजतं, पाणी पांढरं होतं आणि मासे गुदमरतात. नवा मासा आणला की आठ दिवस वेगळ्या बरणीत ठेवायचा, मग ती बरणीच पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, म्हणजे दोन्हीकडचं पाणी एकसारखं होतं, आणि मगच हळूच सोडायचा.

ज्योतीरामने हे सगळं मनावर घेतलं. मरळी नदीत परत सोडल्या, आणि पुढचा मासा आणायचा तर दहादा विचार करायचा असं ठरवलं. ते ठरतंय तोच घरात दुर्गाबाई आली.

ती चऱ्होलीची. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने टाकलेली, दहा वर्षं भावाच्या घरी राबून खाणारी. कुणीतरी मधे पडलं, बोलणी झाली, आणि सत्तावन्नच्या वैशाखात चार माणसांत हार घालून ज्योतीराम तिला घेऊन आला. मासा आणताना दहादा विचार करणाऱ्या या माणसाने घरात माणूस आणताना पोरीला एका शब्दाने विचारलं नव्हतं. पोर तेव्हा दहा वर्षांची होती. ती दुर्गाबाईला काही म्हणजे काहीच म्हणेना. आई नाही, मावशी नाही, अहो नाही, अगं नाही. भूक लागली तर ताट घेऊन चुलीजवळ बसायची.

दुर्गाबाई रुंद हाडाची, थोराड, बोलायला कमी. कामाला वाघ. एकदा ज्योतीराम तिला बरणीचं प्रकरण समजावत होता, नवा मासा आठ दिवस कसा वेगळा ठेवायचा ते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "मला न्हाई कुणी ठिवलं बरनीत." ज्योतीराम हसला. ती हसली नव्हती, हे त्याच्या फार उशिरा ध्यानात आलं.

पेटी हळूहळू भरली. मधल्या पाण्यासाठी पवनेतल्याच सहा मासोळ्या आणल्या, अंगावर निळ्या रेघा असलेल्या, सारख्या इकडून तिकडे धावणाऱ्या. इंद्रायणीने त्यांना गावच्या मैत्रिणींची नावं दिली. सोजर, कमळी, गोदी, वच्छी, धुरपी आणि तानी. कुठली कोण हे तिला बरोबर कळायचं. शाळेतून आली की ती काचेला नाक लावून बसे आणि त्या सहाही तिच्यासमोर येऊन थांबत. वरच्या पाण्यासाठी टोपणदासने मुंबईहून जॅमच्या बाटलीत घालून एक लाल लढाऊ मासा आणून दिला. तो आपल्याच जातीच्या नराचा जीव घेतो, पण एकटा असला तर या चपळ मासोळ्यांच्या वाटेला जात नाही, म्हणून एकच. लांब शेपटाचे गप्पी त्याच्याबरोबर चालले नसते. उरले होते तेवढे गप्पी ज्योतीरामने कॅम्पाच्या विहिरीत डासांवर सोडून दिले.

राहिला तळ. त्यासाठी त्याने वाळूत तोंड खुपसणाऱ्या दोन मिशाळ मासोळ्या आणल्या. मातकट, ठिपक्यांच्या, दिसायला अगदीच सुमार. दिवसभर खाली पडलेलं वेचत फिरायच्या. दुर्गाबाई पहिल्यांदाच पेटीजवळ वाकली.

"ह्या माज्या," ती म्हणाली. "घर झाडत्यात."

इंद्रायणीने तिच्याकडे वळून पाहिलं. हसली नाही, पण पाहिलं. त्या दिवसापासून पोर पेटीसमोर बसली की दुर्गाबाईही धान्य निवडायला तिथेच बसायला लागली. दोघी बोलत नसत. ज्योतीरामला तेही खूप वाटे.

पुढच्या वर्षी आषाढात एकदा तो पहिली पाळी संपवून तीन-साडेतीनला घरी आला, तर खिडकीतून त्याला दोघींची डोकी जवळ जवळ दिसली. मधे पाटी होती. इंद्रायणी काहीतरी लिहून दाखवत होती आणि दुर्गाबाई ओठ घट्ट मिटून ते गिरवत होती. तो दारात आला तशी पोरीने फडक्याने पाटी पुसून टाकली आणि दुर्गाबाई चहा ठेवायला उठली. काय चाललंय, असं त्याने विचारलं नाही. विचारलं तर मोडेल असं त्याला वाटलं. त्या रात्री तो फार दिवसांनी निवांत झोपला.

आणि श्रावणात इंद्रायणी आजारी पडली.

आधी साधा ताप होता. मग छाती भरली आणि श्वास घेताना पोरीच्या बरगड्या दिसायला लागल्या. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया, आणि दर काही तासांनी पेनिसिलीनची सुई सुरू झाली. रोग्याजवळ एकाच माणसाला बसू देत. ज्योतीराम बसला. घरी जाताना दुर्गाबाई खाटेशी थांबली, तेव्हा पोरीला ग्लानी होती. त्या ग्लानीत ती "मावशी, पाणी" असं म्हणाली. कुणाला म्हणाली हे तिला स्वतःलाही ठाऊक नसेल. दुर्गाबाईने पाणी पाजलं, पदराने तिचं तोंड टिपलं आणि ती निघाली. ज्योतीरामने मागून बजावलं, घर बघ, मासे बघ, खाणं चिमटीभरच घाल. ती मान हलवून गेली.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. आणखी दोन-तीन दिवस काढले तर पोर हाती लागेल, एवढंच ते म्हणाले. कारखान्यातला रंगराव भेटायला आला होता, त्याच्याकरवी ज्योतीरामने तसाच निरोप घरी पाठवला. मग तो सुईच्या वेळेची वाट बघत बसायचा. नर्सने कुपी उचलली की सवयीने ती मागून घ्यायचा आणि खिडकीकडे धरून बघायचा. हात इतका थरथरायचा की तडा आहे का बुडबुडा हे त्याला काही कळायचं नाही. नर्स चांगली होती, ती थांबायची.

सातव्या दिवशी ताप उतरला. पोरीने दूध मागितलं. ज्योतीराम तिथल्या तिथे जमिनीवर बसून रडला आणि दुपारच्या लोकलने ही बातमी सांगायला पिंपरीला आला.

दार उघडंच होतं. दुर्गाबाई उंबऱ्यात उभी होती, जणू तीन दिवस तिथून हललीच नव्हती.

"पोर?" तिने विचारलं.

"वाचली," असं म्हणता म्हणता ज्योतीरामची नजर तिच्या मागे गेली. पेटीतलं पाणी पांढरं झालं होतं, ताकासारखं. घरभर आंबूस वास सुटला होता. वर सहा मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या. कडेला त्या दोन मिशाळ, त्याही गेलेल्या. एकटा लाल मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता.

त्याने दुर्गाबाईकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते आणि तिच्या तोंडावर हसू होतं.

ते हसू ज्योतीरामने पाहिलं, आणि आयुष्यभर पुरेल एवढी चूक त्या एका घडीत केली. कुपीतला केसाएवढा तडा हेरणारे त्याचे डोळे. पण 'वाचली' हा शब्द ऐकून ती हसते आहे, हे त्यांना दिसलं नाही. मेलेल्या माशांशेजारी उभी राहून बाई हसते आहे, एवढंच दिसलं.

"हे कुणी केलं?"

"म्या पीठ घातलं," ती म्हणाली. हसू विझलं होतं.

"चिमटीभर सांगितलं होतं. एवढं कशापायी घातलंस?"

त्याने तीनदा विचारलं आणि तीनदा ती खाली बघत राहिली. मग त्याचा तोल गेला. सात दिवसांचं जागरण, भीती, सगळं तिच्यावर कोसळलं. सावत्र ती सावत्रच, तो म्हणाला. पोर तिकडं मरणाच्या दारात, आणि तिचा एवढासा आनंदही तुला बघवला नाही. भिंतीपलीकडे अंबुबाईंना ऐकू जाईल याचीही त्याने पर्वा केली नाही. दुर्गाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने मेलेल्या मासोळ्या फडक्यात गोळा केल्या, परसात खड्डा करून पुरल्या आणि लाल मासा बरणीत काढून ठेवला. ज्योतीरामने वरचं पाणी डब्याने उपसून फेकलं आणि पेटी तशीच, तळाच्या वाळूसकट, गोणपाट टाकून ओसरीच्या कोपऱ्यात सारली. वाळूला हात लावायची त्याला इच्छा झाली नाही.

इंद्रायणी आठ दिवसांनी घरी आली. काडीसारखी झाली होती. आल्या आल्या पेटीच्या जागेकडे गेली. कुणी काही सांगायच्या आत अंबुबाईंनी सगळं सांगून टाकलं होतं, आणि अंबुबाई सांगत तेव्हा मीठ-मसाला घरचाच घालत. पोरीने दप्तर उघडलं, तर वहीची मधली पानं फाडलेली. ती बाहेर आली. आवाज खोल गेला होता, पण प्रत्येक शब्द नीट म्हणाली.

"हिने माझ्या मैत्रिणी मारल्या. वही पण फाडली. दादा, ही इथं राहणार असंल तर मी आईकडं जाते."

आई कुठे होती हे तिला ठाऊक होतं. नुकतीच त्या दारातून परत आलेली पोर. त्याने दुर्गाबाईला सांगितलं, चार दिवस माहेरी जाऊन ये, पोर जरा सावरू दे. तिने लुगडी बोचक्यात बांधली. निघताना ओसरीवरून तिने एकदा आत पाहिलं. पोर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

चार दिवसांचे चार महिने झाले. ज्योतीराम आणायला गेला नाही आणि तिनेही निरोप धाडला नाही. पोर भरत गेली, शाळेत जायला लागली. लाल मासा खिडकीतल्या बरणीत जिवंत होता. तो वरची हवा घेतो म्हणून घाणेरड्या पाण्यातही तगला, असं टोपणदासने सांगितलं. बाकीचे पीठ कुजून गुदमरले. पण इतकं पीठ घातलं कुणी, असं म्हातारा पुन्हा पुन्हा विचारत राहिला. मूठभर पडलं असेल तर चुकून. हे तर कुणी बसून घातलेलं दिसतं.

मार्गशीर्षात इंद्रायणी आपणहून म्हणाली की पुन्हा मासे आणू या. सुटीच्या दिवशी सकाळी ज्योतीरामने गोणपाट काढलं आणि पेटीतली वाळू धुवायला परातीत ओतली. वाळूची ढेकळं झाली होती. एक ढेकूळ त्याने बोटांनी फोडलं, तर आत कागदाचा कपटा. नखाएवढा, घडी घातलेला, पिठाने घट्ट चिकटलेला. दुसऱ्या ढेकळात आणखी चार. मग तो परात घेऊन उजेडात गेला आणि फोडतच राहिला. शेकड्यांनी निघाले. वहीच्या पानाच्या रेघा त्यांवर होत्या. एक त्याने ओल्या बोटाने उलगडला आणि सवयीने उजेडाकडे धरला.

शिसपेन्सिलीने 'राम' लिहिलं होतं.

अक्षर अडाण्याचं, थरथरलेलं. दुर्गाबाईला अक्षरओळख नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्या 'र'चं शेपूट वर वळवलेलं होतं. तसा 'र' साऱ्या कॉलनीत एकच माणूस काढत असे, आणि त्यापायी मास्तरांची छडीही खात असे. ती त्याची इंद्रायणी. आषाढातली ती पाटी त्याला आठवली.

देवाचं नाव कागदावर लिहून, तो कागद कणकेच्या गोळीत घालून, अशा एक हजार आठ गोळ्या माशांना चारायच्या, म्हणजे घरातलं माणूस मरणातून माघारी येतं. चऱ्होलीला इंद्रायणी नदीच्या काठी बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. नदीत हजार गोळ्या कुठल्या कुठे जातात. पण त्या श्रावणात पवना दोन्ही थड्या भरून लाल वाहत होती, आणि माशाने गोळी खाल्लेली डोळ्यांनी दिसायला हवी. घरात मासे होते. चिमटीचा नियम तिला ठाऊक होता. देवाच्या नावाचं खाल्लेलं बाधेल, हे तिच्या मनात आलं नसेल, किंवा आलं तरी पोरीपुढे मासे काय, असं तिने ठरवलं असेल. आपल्या त्या दोन मिशाळ मासोळ्यांसकट. तीन दिवस ती बसून दोन अक्षरं हजार वेळा गिरवत होती.

ज्योतीराम परातीसमोरून उठला. मग त्याने चार-पाच कपटे सदऱ्याच्या खिशात टाकले, बाकीचे कागदात बांधून ट्रंकेत घातले, इंद्रायणीला अंबुबाईंकडे बसवलं आणि सायकल काढून भोसरीच्या रस्त्याने चऱ्होलीला गेला.

दुर्गाबाई भावाच्या रानात कांद्याची रोपं लावत होती. त्याला बघून उठली, हात पदराला पुसले आणि विहिरीच्या कडेला येऊन उभी राहिली. वाळली होती. त्याने काही न बोलता कपटा पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"बरी हाय न्हवं?" तिने विचारलं.

"बरी आहे. शाळेत जाते."

"मग झालं."

का नाही सांगितलंस, असं तो म्हणाला. मी एवढं बोललो, सगळी कॉलनी बोलली, एका शब्दाने सांगितलं असतंस तर.

"मागून घेतल्यालं बोलून दावलं की फळ जातं," ती म्हणाली. "तुमी बगितलं ते न्हाई बगितलं समजा. तिला तर कवाच सांगू नका."

ज्योतीरामने तिला समजावलं. पोर औषधाने वाचली होती. त्या कुप्या त्याच्याच कारखान्यातल्या, कदाचित त्याच्याच हातून गेलेल्या. सांगितल्याने काही होत नाही. ती आज ना उद्या मोठी होईल, तिला कळायला हवं.

"आसंल," ती म्हणाली. "पर त्या दिसांत तुमाला तरी ठावं व्हतं का, कशानं वाचंल ती?"

ज्योतीरामला दवाखान्यातली ती खिडकी आठवली, आणि काहीच न कळता उजेडाला धरलेली कुपी. मग त्याने हात जोडले, चुकलो म्हणाला, घरी चल म्हणाला. तिने त्याचे जोडलेले हात खाली केले.

"पोरगी म्हनंल तवा यीन. तिनं धाडलंय, तिनंच बोलवावं."

"तिला सांगितल्याशिवाय ती कशी बोलवेल?"

वाफ्यातून भाऊ बाळाजी हाक मारत होता. ती गेली आणि वाकून पुन्हा रोपं लावायला लागली.

परतीच्या वाटेवर ज्योतीरामचा निश्चय झाला. आपण पेनिसिलीनच्या कारखान्यातला माणूस. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवून एका बाईचा जन्म उजाड करायचा, हे पाप आहे. घरी गेल्या गेल्या पोरीला जवळ बसवून सगळं सांगायचं, कपटे दाखवायचे, तिचाच 'र' तिला दाखवायचा. पोर मनाने वाईट नाही. उद्याच म्हणेल, चला मावशीला आणू. भोसरीचा चढ त्याने सायकलवरून न उतरता पार केला.

दिवस कलायला आला होता. इंद्रायणी ओसरीवर परात घेऊन बसली होती. सगळी वाळू तिने एकटीने धुतली होती, सात पाण्यांनी, स्वच्छ. हात गारठून लाल झाले होते. कुठे गेला होतास, असं तिने विचारलं. ज्योतीराम तिच्याजवळ बसला. हात खिशात घातला. कपटे बोटांना लागले.

"इंद्रे, इकडं बघ. तुला एक सांगायचंय."

तिने वर पाहिलं आणि ती खोकली.

साधा खोकला. थंडीचे दिवस, गार पाण्यात बसलेली पोर, खोकणारच. ज्योतीराम थांबला. ती पुन्हा खोकली, छातीवर हात ठेवून, त्या दवाखान्यात ठेवायची तसा. त्याचा हात खिशातच राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं. औषध ठाऊक होतं, कुपी ठाऊक होती, डॉक्टर काय म्हणाले ते ठाऊक होतं. आणि तरी दुर्गाबाईचं 'बोलून दावलं की फळ जातं' हे त्याच्या कानातून जाईना.

"काय सांगत होतास?"

"काही नाही. कानाला बांध काहीतरी. आणि मासे कुठले आणायचे ते ठरव."

तिचं ठरलेलंच होतं. लाल मासा वरच्या पाण्याला आहेच, ती म्हणाली. मधल्या पाण्याला निळ्या रेघांच्या सहा आण, सहाच, कमी नकोत. मग तिने परातीतली वाळू हाताने सारखी केली.

"आणि दादा, ते वाळूतले नकोत."

ज्योतीराम बरं म्हणाला, आणि तिच्यासाठी पाणी तापवायला आत गेला.